पाऊण तास

पडद्यावर आबा हसत होते. धुळ्यातल्या त्या हॉटेलच्या गार, अंधाऱ्या हॉलमध्ये नवलला आधी ते हसणंच दिसलं, आबा नंतर दिसले. पांढऱ्या गाडीची उघडी डिकी, डिकीच्या काठावर टेकलेला एक म्हातारा, मांडीवर फडकं, फडक्यावर भाकरी, आणि मान मागे टाकून, तोंडातला घासही न लपवता हसणारा चेहरा. वरच्या दातांतली फट त्याने ओळखली. मग टोपी, मग सदऱ्याच्या खिशातला चष्म्याचा डबा. हा डबा त्यानेच पुण्याहून आणून दिला होता. तरी तो काही क्षण स्वतःला सांगत राहिला की खानदेशात अशा टोप्या आणि असे म्हातारे पैशाला पासरी आहेत, आणि आपले आबा असे हसत नाहीत. हेच खरं तर त्याला खात्रीने माहीत होतं. आबा असे हसत नाहीत.

"ही आपली धुळे बायपासची साइट," भूमिका सांगत होती. भूमिका त्याच्या हाताखालची, हुशार, पुण्याची मुलगी. सगळी पाहणी तिनेच फिरून केली होती. "इथे गाडी चार्ज व्हायला सरासरी पाऊण तास लागतो. शेड नाही, बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही. हे आजोबा बघा. उन्हात, डिकीवर बसून जेवताहेत. आपण आपल्या ग्राहकाला हे देतोय."

"आजोबा तर मजेत दिसताहेत," लीलाधरसाहेब म्हणाले. ते चार्जिंग कंपनीचे इथले प्रमुख, म्हणजे या खोलीतले अन्नदाते. सगळे हसले. नवलही हसला. हसणं तोंडातून निघून गेल्यावर त्याला ते आपल्याच तोंडातून निघाल्याचं कळलं.

"गार्ड म्हणाला, दर मंगळवारी येतात," भूमिका म्हणाली. "ड्रायव्हरचे वडील आहेत बहुतेक."

ड्रायव्हरचे वडील. फोटोच्या उजव्या कडेला अर्धा माणूस होता. फक्त एक खांदा, एक कोपर, आणि म्हाताऱ्याकडे भाकरीचा तुकडा धरलेला हात. एवढ्याशा खांद्यावरून माणूस ओळखता येतो हे नवलला माहीत नव्हतं. पण मोठ्या भावाच्या त्याच खांद्यावर बसून त्याने लहानपणी गावची जत्रा पाहिली होती. भूमिकेने बटण दाबलं, आबा गेले, आणि पडद्यावर आकड्यांचे रंगीत खांब उभे राहिले.

नवल पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत वरच्या जागेवर होता. विजेच्या गाड्यांची चार्जिंग स्टेशनं कुठे असावीत, कुठली काढावीत, कुठल्या रस्त्यावर पुढच्या काही वर्षांत किती गाड्या धावतील, हे तो मोठ्या कंपन्यांना सांगे, आणि त्या ऐकत. जळगाव-धुळ्याचं काम निघालं तेव्हा वरिष्ठ म्हणाले होते, नवल, हा तर तुमचाच भाग. त्यावर तो नुसता हसला होता. आपला भाग म्हणजे नकाशावरचे रस्ते, पारोळा, एरंडोल, पाळधी, हे तो डोळे मिटून सांगू शकत होता. पण त्या रस्त्याच्या कडेला कोण बसून जेवतं हे सांगायला भूमिका लागली. लोकांनी वाट बघू नये, ही त्याच्या सगळ्या कामाची एका वाक्यातली ओळख होती. वाट बघणं म्हणजे वाया जाणं. हे तो इतक्या वेळा, इतक्या हॉलमध्ये बोलला होता की घरी बायको आरशासमोर रेंगाळली तरी त्याच्या आत काहीतरी खरवडल्यासारखं होई.

जेवणाच्या सुट्टीत तो हॉटेलच्या मागच्या बाजूला गेला. एप्रिलचं ऊन भिंतीवरून परत अंगावर येत होतं. जनरेटरच्या सावलीत उभं राहून त्याने आबांना फोन लावला. सोमवारी तो कधी फोन करत नसे. त्याचा वार रविवार. रविवारी सकाळी आबांनी जळगावच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसायचं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा, आणि नवल पुण्याहून त्यांचा चेहरा बघणार. जेवता ना, गोळ्या घेता ना, बाई येते ना कामाला.

"आज कसा काय फोन?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज लगेच सावध झाला. तो नेहमीच असा व्हायचा, पण आज नवलने तो ऐकला.

"सहज. काय करताय?"

"काय नही. पडेल व्हतू."

"उद्या काय कार्यक्रम?"

पलीकडून पंख्याचा खटखट आवाज तेवढा येत होता. "माले काय कार्यक्रम ऱ्हास? मेहरूणना तलाववर जासू फिराले."

"इतक्या उन्हात?"

"सकाळे जासू ना."

बरं, म्हणून नवलने फोन ठेवला. मी धुळ्यात आहे, हे त्यानेही सांगितलं नव्हतं. आबा आपल्याशी खोटं बोलले याचा राग येण्याआधी त्याला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या सराईतपणाचं. ज्या माणसाला दुकानात भाव करताना थाप मारता येत नसे, तो तलावावर जासू म्हणाला, आणि वर सकाळचं ऊन कोवळं असतं हेही सुचवून गेला. हे त्यांना शिकवलं कोणी? उत्तर त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने तो प्रश्न पुढे नेला नाही. पण असे प्रश्न थांबवल्याने थांबत नाहीत. दुपारभर खांब, टक्के, रस्ते पडद्यावर येत-जात राहिले आणि त्याच्या डोळ्यांसमोर आई मरत राहिली.

आई, कमलबाई, पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावी आजारी पडली तेव्हा नवलने पुण्याहून अँब्युलन्स पाठवली होती. मोठा भाऊ भटू आई-आबांबरोबर गावीच राही. त्याने अँब्युलन्सच्या दारात उभं राहून सांगितलं, आईला नेऊ नको, तिला नाही जायचं. तिला काय कळतं, नवल म्हणाला. त्या वाक्यात काही बोचरं होतं असं त्याला आजही वाटत नसे. चूक काय होतं त्यात? डॉक्टर मोठे होते, आशा होती, आणि आशा आहे म्हटल्यावर घरात खाटेवर ठेवून माणसाला मरू देणं ही कसली माया? पुण्यात आई तीन आठवडे नळ्यांमध्ये पडून राहिली. नर्सशी ती अहिराणी बोले, आणि नर्स म्हणे, आजी, मराठीत बोला ना. मग ती बोलायची थांबली. ती गेली त्या सकाळी भटू दवाखान्याच्या लांबलचक पांढऱ्या गल्लीत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिले घर जावानं व्हतं. तू तिले मशीनले बांधी ठेवं." ओरडला असता तर नवलने सहन केलं असतं. तेराव्याला, सगळ्या भाऊबंदांसमोर, भटूने तेच पुन्हा म्हटलं. तेव्हा नवल उठला, त्याने आबांची पिशवी भरली आणि म्हणाला, आबा, चला. तुम्ही याच्या घराची पायरी चढलात तर माझ्या घराची चढू नका. सगळ्या बायका रडायच्या थांबल्या होत्या. आबांनी एकदा भटूकडे पाहिलं, एकदा कोनाड्यातल्या आईच्या फोटोकडे. मग वहाणा शोधत शोधत म्हणाले, "नही चढस मी."

आबा का आले, हे त्याने कधी विचारलं नाही. ते आले म्हणजे निवाडा आपल्या बाजूने झाला, असं त्याने धरलं होतं. जळगावला मेहरूणमध्ये त्याने त्यांच्यासाठी फ्लॅट घेतला. लिफ्ट असलेला, गॅलरीतून तलावाची एक चिंचोळी पट्टी दिसणारा. पुण्यात आबांना करमणार नाही, हे त्याचं म्हणणं. पुण्यात आबा नकोत, हे न बोललेलं. पुढे भटूही गाव सोडून धुळ्याला, बायकोच्या माहेराजवळ, राहायला गेला एवढं कानावर आलं. गावच्या घरात आत्या राहिली, आबांची विधवा बहीण. मधल्या वर्षांत नवलने आबांसमोर भटूचं नाव काढलं नाही, आबांनीही नाही. त्या गप्प बसण्याला तो एकमत समजत होता.

मंगळवारी सकाळी साइट बघून येतो म्हणून तो एकटाच निघाला. भूमिका म्हणाली, सर, मी येऊ? नको, म्हणाला. बायपासच्या कडेला, एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात दोन यंत्रं उभी होती. एका बाजूला गार्डची खुर्ची, पलीकडे लिंबाचं झाड, त्याच्या बुंध्याशी कोणीतरी ठेवलेला माठ. झाड आणि माठ भूमिकेच्या फोटोत नव्हते. त्याने गाडी रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, टायरच्या दुकानाशेजारी लावली आणि काळ्या काचेआड बसून राहिला. आपण हे काय करतोय, असं त्याला वाटलं. नवऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या बायकांच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. वडिलांवर पाळत ठेवणारा मुलगा त्याने ऐकला नव्हता.

आधी एसटी आली. लाल गाडी धुरळा उडवत थांबली आणि आबा उतरले, पाठमोरे, दांडी घट्ट धरून, एकेक पाय चाचपत. जळगावहून इथे यायला अडीच तास तरी लागत असणार. उतरल्यावर त्यांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि रस्ता ओलांडून सरळ माठाकडे गेले. स्वतःच्या घरात जावं तसे. गार्डने उठून त्यांना खुर्ची दिली. मग पांढरी गाडी आली. एमआयडीसीतल्या कामगारांना सोडून रिकामी परतलेली, दारावर कसल्याशा कंपनीचं नाव. भटू उतरला. जाड झाला होता, केस पार पिकले होते. त्याने गाडीला नळी लावली, यंत्राकडे एकदा पाहिलं, आणि हातपाय ताणून आळस दिला. कामाच्या दिवसातला तेवढाच वेळ आपला असलेल्या माणसाचा आळस. डिकी उघडली गेली, डबा सुटला. बोलणं इकडे ऐकू येत नव्हतं, तोंडं हलताना दिसत होती. भटू काहीतरी हातवारे करून सांगत होता, बहुतेक कोणाची तरी नक्कल, आणि आबांनी मान मागे टाकली.

 लहानपणी शाळेतून लवकर घरी आल्यावर एकदा नवलने दारातून पाहिलं होतं. आई, आबा, भटू चुलीपुढे बसून मक्याची कणसं खात हसत होते, आणि तो आत गेल्याबरोबर आई उठली होती, हात धुतले होते आणि म्हणाली होती, आला का, अभ्यासाला बैस, तुले दूध देते. हुशार मुलगा म्हणून त्याचं सगळं वेगळं होतं. दूध, कंदील, खोली. ते कौतुक आहे असंच तो आजवर समजत आला होता.

तो गाडीतून उतरला. रस्ता ओलांडताना आपण काय बोलणार हे त्याला माहीत नव्हतं. आधी भटूने पाहिलं. त्याचा हात हवेतच राहिला. मग आबांनी वळून पाहिलं, आणि नवल ते कधी विसरू शकणार नव्हता. आबा उभे राहिले. मांडीवरचं फडकं खाली पडलं, भाकरी मातीत पडली, आणि मास्तरांनी पकडलेल्या पोरासारखे हात सदऱ्याला पुसत ते म्हणाले,

"मी तेन्हा घर नही गवू रे नवल. विचार तेले. एक डाव बी नही गवू."

 ट्रक जात होते. भटूने वाकून भाकरी उचलली, फुंकर मारून डब्याच्या झाकणात ठेवली. "खरं शे," तो म्हणाला. "घर येत नाही तो. दीपमाला दर खेपेला सांगते, आबा, निदान दारापर्यंत या. नाही. शब्द देयेल शे म्हणतो." मग थोडं थांबून, "तुला दिलेला."

दीपमाला भटूची बायको. तिने केलेलं वांग्याचं भरीत डब्यात होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या, कांदा होता. "बठ," आबा म्हणाले. "जेवी ले. ऊन शे." आवाजात आर्जव होतं, आणि ते नवलला आवडलं नाही. आपल्याशी बोलताना आबांच्या आवाजात ते नेहमीच असतं, हे त्याला तिथे, यंत्राच्या त्या बारीक गुणगुणीत, पहिल्यांदा कळलं. भटूशी बोलताना ते नव्हतं. भटू त्यांना अरे-तुरे करत होता.

"माझं झालंय," नवल म्हणाला. "कामासाठी आलोय. हे स्टेशन बघायला."

"मला वाटलंच," भटू म्हणाला. "गेल्या मंगळवारी ती पोरगी आली होती, फोटो काढत. गार्ड सांगत होता, हे काढणार म्हणे. आमच्या गाड्या रात्री कंपनीच्या आवारातच चार्ज करणार."

"अजून ठरलं नाही."

"ठरवतं कोण?"

नवलने यंत्राकडे पाहिलं. आबा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होते. मग त्यांनी नवलच्या बाहीला हात लावला. नुसती बोटं. "तुन्हं काम शे ना हाई? मंग ऱ्हाऊ दे ना. दोन नको, एकच ऱ्हाऊ दे." ते हसले, वाईट हसले, दात न दाखवता. "दुसरीकडे कोठे बठसूत आम्ही? घर मी जास नही, तो येस नही. रविवारे तुन्हा फोन ऱ्हास. तेले बाकी दिन सुटी नही. आठे कोणं बी घर नही, म्हनीसन जमस."

आबांनी त्याच्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. चष्मा, गोळ्या, फ्लॅट हे सगळं त्याने न मागता दिलं होतं, आणि न मागता देण्यात एक मोठेपणा असतो तो त्याला सवयीचा झाला होता. आता या मागण्यापुढे तो अवघडून उभा राहिला. एक वाक्य पुरेसं होतं. आबा, जा त्याच्या घरी, मी कोण अडवणारा. ते वाक्य त्याच्या जिभेपर्यंत आलंही. पण ते बोलायचं म्हणजे दवाखान्याच्या त्या गल्लीत परत जाऊन भटूसमोर उभं राहायचं, आणि कदाचित, हो, असं म्हणायचं. यंत्राने टुण्ण केलं. गाडी भरली होती. भटूने नळी काढली, डिकी लावली, आबांना हात धरून एसटीच्या थांब्याच्या सावलीपर्यंत नेलं, आणि नवलकडे न बघता निघून गेला. "बघतो," नवल आबांना म्हणाला. "मी सोडू का तुम्हाला जळगावला?" नको, आबा म्हणाले, मन्ही गाडी येस आते.

दुपारी शेवटची बैठक होती. लीलाधरसाहेबांनी स्वतःच विषय काढला. "धुळे बायपासचं काय करायचं? जागेचा करार अजून आहे. दोन्हीपैकी एक जुनं यंत्र ठेवलं तरी चालेल, आमचं काही अडत नाही. तुम्ही सांगा." खोलीतली सगळी तोंडं नवलकडे वळली. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. नुसती मान हलवायची होती. भूमिकेने कागदावर 'एक ठेवायला हरकत नाही' असं लिहून तो त्याच्यासमोर सरकवलाही होता. आणि त्याला पुन्हा ती मागे टाकलेली मान दिसली, दातांतली फट दिसली, आणि माठाकडे सरळ गेलेली पावलं. अडीच तास येतात. त्याच्या फ्लॅटमध्ये लिफ्टने दोन मिनिटांत खाली उतरता येतं, तर म्हणे गुडघे दुखतात.

"ठेवू नका," तो म्हणाला. आणि मग तो बोलत गेला. जुनी यंत्रं ठेवली की लोकांना जुनी सवय राहते. वाट बघण्याची सवय मोडायची तर वाट बघण्याची जागाच मोडावी लागते. कामगारांच्या गाड्या त्यांच्या आवारात रात्री भराव्या, हमरस्त्यावर मोठ्या गाड्यांसाठी नवं, शेडचं, हॉटेलचं स्टेशन करावं. एकही शब्द खोटा नव्हता. आकडे तसेच होते, दुसऱ्या कोणीही तेच सांगितलं असतं, आणि हेच त्याला पुढे कित्येक दिवस आधारासारखं पुरणार होतं. आपण इतकं चांगलं क्वचित बोललो, असं त्याला वाटलं. लीलाधरसाहेब खूश झाले. भूमिका मात्र त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होती. परतीच्या प्रवासात मालेगाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "सर, ते फोटोतले आजोबा आता कुठे बसतील?" तिने सहज विचारलं होतं. "बसतील कुठेतरी," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

पावसाळा गेला. रविवारी आबा तांब्यासमोर बसत होते, जेवतो म्हणत होते, गोळ्या घेतो म्हणत होते. मंगळवारचं कोणी बोललं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी तो ऑफिसात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. "नवल," पलीकडून आवाज आला, आणि इतक्या वर्षांनी भटूच्या तोंडून आपलं नाव ऐकून तो खुर्चीतून उठलाच. भटू घाईत होता, मागे गाडीचा आवाज होता. "आबा तठे जाई बठेल शे. बायपासले. यंत्र काढलं कालपरवा, झाड बी तोडं. मी त्याला सांगितलं होतं येऊ नको, आता मला दिवसा थांबता येत नाही. तरी आला. टायरवाल्याने फोन केला मला. उन्हात सिमेंटवर बसलाय, उठत नाही. मी पाळीवर आहे, मला जाता येत नाही. तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो."

तुझं ऐकतो तो. नवलने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्याला ते दिसत होतं. यंत्राच्या जागी सिमेंटचा चौथरा, त्यातून वर आलेले खिळे, आणि आबा. पुण्यातल्या त्या थंड खोलीत उभं राहून तो एका म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात वाजणारा फोन ऐकत होता. आबा फोन हातात घेऊन, चष्मा लावून, नाव वाचून, परत खिशात ठेवत असतील, याची त्याला खात्री होती. संध्याकाळी टायरवाल्याने त्यांना जळगावच्या एसटीत बसवून दिल्याचं भटूने कळवलं. त्यानंतर भटूचा फोन आला नाही.

त्या रविवारी आबांनी फोन उचलला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. शेजारच्या सारिकावहिनींनी सांगितलं, आबा तर गेले. किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. गावी, बहिणीकडे. तुम्हाला माहीत नव्हतं? त्यांच्या आवाजातली ती नम्र उत्सुकता नवलला दिवसभर चावत राहिली. तो लगेच गेला नाही. कामं होती, आणि कामं नसतानाही तो गेला नाही. डिसेंबरात, थंडी पडल्यावर, कशासाठी जातोय हे स्वतःलाही न सांगता तो गाडी घेऊन निघाला. यावेळी ते वाक्य बोलायचं, एवढं ठरलं होतं. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे, तिथून पारोळ्याचा रस्ता. बायपासला नवं स्टेशन झालं होतं, चकचकीत, निळ्या शेडचं. त्याने तिकडे पाहिलं नाही.

गावच्या घरात पुढच्या खोलीत कापसाचा ढीग पडला होता. आत्या, धुरपदाबाई, त्यातून वाट काढत बाहेर आली. "आबा, कोण उना बघ," एवढंच बोलून ती आत गेली. आबा मागच्या दाराने आले. अंगात जुनी बंडी, वाळलेले, पण ताठ. त्यांनी नवलकडे पाहिलं, घाईघाईने खुंटीवरची टोपी घेऊन डोक्यावर घातली, खाट झटकली, वर घडीची चादर घातली.

"या," आबा म्हणाले. "बसा."

नवलला आधी वाटलं, मागे आणखी कोणी आलंय. त्याने वळूनही पाहिलं.

"प्रवास बरा झाला ना तुमचा? रस्ता आता चांगला झालाय म्हणतात." ते मराठी बोलत होते, सावकाश, एकेक शब्द तपासून, तलाठ्याशी किंवा बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं. स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले, पेल्यात ओतून दोन्ही हातांनी पुढे केला. "घ्या."

"आबा, हे काय बोलताय तुम्ही माझ्याशी?"

"काय बोललो?" आबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर नवलला धरायला काहीतरी सापडलं असतं. त्यांनी खरंच विचारलं होतं, आपलं काही चुकलं का असं.

मग नवल ते वाक्य बोलला. भटूच्या घरी जा. राहा हवं तितकं. माझं काही म्हणणं नाही. तेव्हा मी रागात बोललो होतो. वाक्यं एकामागून एक बाहेर पडली, पण बोलताना त्यालाच ती उशिरा आलेल्या टपालासारखी वाटली. आबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

"तुमचे उपकार आहेत," ते म्हणाले. "पण आता कोणाच्याच घरी जायचं नाही मला. हे बरं आहे. भटू येतो रविवारी, पोरीबाळींना घेऊन. तुम्हालाही सवड झाली की येत जा. चहा घेणार ना? साखर चालते तुम्हाला?"

आतून आत्याने काहीतरी विचारलं, आणि आबांनी मान वळवून, त्याच क्षणी, वेगळ्याच आवाजात उत्तर दिलं, "चहा मांड व माय, दूध कमी घाल," आणि आत्या हसली, आणि आबाही किंचित हसले. ते तोंड परत नवलकडे वळेपर्यंत हसू पुसलं गेलं होतं.

चहा झाला. बोलणं कापसाच्या भावावर, थंडीवर गेलं. आबा प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते. नवल उठला तेव्हा ते थांबा म्हणाले नाहीत. वहाणा घालून त्याच्यामागे निघाले, आपल्या गावात पाहुण्याला पोचवायला निघतात तसे, गल्लीतून, पारावरून, गावाच्या टोकाला जिथे त्याने गाडी लावली होती तिथपर्यंत. पारावरच्या कोणीतरी विचारलं, आबा, कोण पाहुणा? "पुण्याचे साहेब आहेत," आबा म्हणाले.

गाडीचं दार उघडून नवल वळला. पाया पडावं म्हणून तो वाकणार, तेवढ्यात आबांनी एक पाऊल मागे घेऊन दोन्ही हात छातीशी जोडले. क्षणभर नवल तसाच अर्धा वाकलेला राहिला. मग त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानेही हात जोडले.